काळी पाचवरची टिकली

विजय नगर, जबलपूर
१२ जानेवारी १९९७

प्रिय विभा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या भाऊजींचा गुडघा सोडला तर घरी सगळे बरे आहेत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे कामाचं बोलता येईल. मला स्केलचेंजर, म्हणजे सरकत्या पट्टीची पेटी घ्यायची आहे. तू आणि तुझे मोतीरामजी रोज दुरुस्तीच्या दुकानात दहा पेट्या उघडता, तेव्हा कोणती घ्यावी आणि घेताना काय पाहावं ते सविस्तर कळव.

आता तू विचारशील, बाबांची पेटी असताना नवीन कशाला. तर ऐक. सिविल लाइंसच्या सरकारी बंगल्यात शशिकांत म्हणून एक साहेब भोपाळहून बदलून आले आहेत. आपल्यातलेच, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांची बायको हेमलता. वय असेल तेहतीस-चौतीस. मराठी बोलता बोलता अर्ध्यावर हिंदीत उतरते आणि परत चढायचं विसरते. नोव्हेंबरात ती आपल्या महिला मंडळात आली, ती खांद्याला एक लांब काळी पिशवी अडकवूनच. विहारात बसल्या बसल्या तिने पिशवीतून विजेवरचा कीबोर्ड काढला, पंख्याची पिन उपटली आणि आपली लावली. एक बटण दाबलं की तबला वाजतो, दुसरं दाबलं की बासरी. सगळ्या बायका तिच्याभोवती, आणि मी पेटीचा भाता धरून एकटी.

अकरा वर्षं मी त्या मंडळात वाजवते आहे, विभा. अकरा वर्षांत एका बाईने माझ्याकडे वाकून पाहिलं नाही.

खरं दुखलं ते पुढे. आपल्या कुसुमबाई तुला आठवतात? शेवटच्या ओळीत बसून झांज वाजवायच्या, तोंड जेमतेम हलायचं. हेमलता त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटली, दोन-तीनदा बटण दाबलं आणि कुसुमबाई एकट्या गायल्या. बाबासाहेबांवरचं जुनं गीत, पूर्ण. सुमनबाईंनी डोळे पुसले. यंत्राने गळा सुधारतो असं मी कधी ऐकलं नव्हतं, पण सुधारत असला पाहिजे. घरी जाताना अध्यक्षीण पार्वताबाई मला म्हणाल्या, "प्रमोदिनीबाई, यंदा जयंतीले हिलेच वाजवू देलं तर? तुमाले बी आराम."

मी आराम मागितला होता का?

चौदा एप्रिलला स्टेजवर मीच बसणार. भैयालालजींच्या दुकानात एक स्केलचेंजर पाहून ठेवली आहे. चौदा हजार म्हणतात. बाबांची पेटी दिली तर दोन हजार कापून देतील. तिचा भाता तसाही उसासे टाकतो. तुझं उत्तर लवकर येऊ दे.

तुझी ताई

---

नागपूर
२२ जानेवारी १९९७

प्रिय ताई,
जयभीम.

पत्र मिळालं. भाऊजींना म्हणावं, गुडघ्याला शेक द्या आणि फॅक्टरीत सायकलने जाणं बंद करा.

पेटीचं सांगते. दुकानात गेलीस की आधी वाजवायला बसू नकोस. वाजवायला बसलं की माणूस भुलतो. सूर सगळे बंद ठेवून नुसता भाता भर आणि हात काढून घे. हवा धरून राहिली तर पुढे जायचं. फुस्स करून बसली तर पॉलिशकडे पाहूसुद्धा नकोस. मग एकेक सूर वेगळा दाब, हळू हवेत आणि जोरात. हळू हवेत जो सूर उशिरा उठतो, तो पुढे त्रास देतो. सगळ्यात शेवटी खुंट्या आणि नक्षी. लोक नेमकं उलट्या क्रमाने पाहतात आणि मग आमच्या दुकानात येतात.

स्केलचेंजर जड असते. तिची सरकती पट्टी रिक्षातून नेताना-आणताना ढिली होते. जी पेटी दर शुक्रवारी विजय नगरहून विहारात जाणार आहे, तिच्यासाठी ती मला पटत नाही. भैयालाल बाबांच्या पेटीचे दोन हजार देतो म्हणाला, त्यातच काय ते समज. त्या पेटीतले पितळी पात्यांचे सूर आता मिळत नाहीत. तो ते काढून दुसऱ्या पेटीत बसवील आणि लाकूड चुलीत घालील. पेटी देऊ नकोस. त्यापेक्षा इकडे पाठव. भात्याचं चामडं बदलते, सूर घासून जुळवून देते. तुझ्याकडून काही घेणार नाही.

एक विचारायचं राहिलं. कुसुमबाई गायल्या त्या कोणत्या पट्टीत? आणि तू मंडळात कोणत्या पट्टीत वाजवतेस?

तुझी
विभा

---

विजय नगर, जबलपूर
२ फेब्रुवारी १९९७

विभा,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, बहिणीने कळकळीने लिहिलं आहे. दुसऱ्यांदा 'इकडे पाठव' हे दोन शब्द दिसले.

नवी पेटी घेऊ नको, जुनी देऊ नको, ती नागपूरला पाठव. चांगलं आहे. बाबांची पेटी तुला हवी आहे हे मला आजचं ठाऊक नाही. माझ्या लग्नात बाबांनी ती माझ्याबरोबर दिली, तेव्हा तू स्टेशनवर आली नव्हतीस. ताप होता म्हणे. ताप कसला होता ते मला कळत होतं. बाबांनी दिली कारण थोरली मी, आणि शिकवली मला. नऊ वर्षांची असताना त्यांनी माझा आवाज तपासून काळी पाचवर लाल टिकली चिकटवली आणि म्हणाले, हा तुझा सा, इथून कधी भरकटायचं नाही. मी भरकटले नाही. टिकली झिजली की त्याच जागी नवी लावते. तू पट्टी विचारलीस ना? तीच. माझी पट्टी. मंडळाचीही तीच.

कुसुमबाई कोणत्या पट्टीत गायल्या ते मला काय माहीत. बटण दाबलं तिने.

तू सांगितल्याप्रमाणे दुकानात जाऊन भाता भरून पाहिला. पहिल्या दोन पेट्या फुस्स झाल्या. भैयालालजी चपापून म्हणाले, "दीदी, ये सब कहाँ से सीख आईं?" मी तुझं नाव सांगितलं नाही. तिसरीने हवा धरली. तीच ठरवली. एक पाटली मोडून बयाणा दिला. तुझ्या भाऊजींची संमती आहे. उरलेले पैसे मार्चअखेर द्यायचे आणि त्याच वेळी जुनी पेटी दुकानात पोचवायची.

तालमी आता विहारात होत नाहीत. सिविल लाइंसच्या बंगल्यात होतात. तिथे जागा आहे, वीज जात नाही आणि चहाबरोबर बिस्किटं मिळतात. बायका दोन-दोन ऑटो करून जातात. मी परवा गेले नाही. कोणी निरोपही धाडला नाही. शाळेतून घरी आले, पेटी उघडली आणि नुसती बसून राहिले. माझ्या पोटात दुखतं विभा, हे मी तुला सांगते आणि कोणाला नाही. ती हसली की दुखतं, आणि तिच्या बोटांकडे बायका पाहतात तेव्हा तर बसवत नाही. आणि तुझं पत्र आलं की तू माझी पेटी मागतेस.

ताई

---

नागपूर
१५ फेब्रुवारी १९९७

ताई,

तू बरोबर ओळखलंस. मला ती पेटी हवी होती. आजही हवी आहे. त्या दिवशी मला ताप नव्हता.

बाबा सूर घासायचे तेव्हा बाजूला बसून कंदील कोण धरायचं? तू मैत्रिणींकडे असायचीस. कानस फिरवल्यावर फुंकर मारून पितळेचा चुरा कोण उडवायचं? मी अकरा वर्षांची असताना आठवड्यातून एकदा तरी त्यांना म्हणायचे, मलाही ताईसारखी टिकली लावून द्या. ते म्हणायचे, "तुले कायले पाहिजे?" एवढंच. मग तू वाजवायला बसायचीस, ती लाल टिकली चमकायची आणि मी कंदिलाची काच पुसायचे. पेटी गेली त्याचं एवढं नाही वाटलं. टिकली मिळाली नाही त्याचं अजून वाटतं. हसू येईल तुला. मी एक्केचाळीस वर्षांची बाई, शेकडो पेट्यांचे सूर जुळवले आणि टिकलीसाठी अडून बसले आहे.

हे झालं माझं. आता तुझं ऐक, आणि हे मी पेटीच्या लोभाने लिहीत नाही.

तुझा गळा पातळ आणि उंच. काळी पाच तुला शोभते. कुसुमबाई साठीच्या, जन्मभर विड्या वळलेल्या. त्यांना तिथे गाता यायचं नाही. पार्वताबाईंना नाही, सुमनबाईंना नाही. अकरा वर्षं त्या बायका तुझ्या पट्टीत ओढत होत्या आणि जमलं नाही की तोंड मिटून झांज वाजवत होत्या. हेमलताने त्या बटणाने सूर खाली आणला, एवढंच केलं. यंत्राने गळा सुधारत नाही, ताई. ती कुसुमबाईंजवळ जाऊन पुटपुटली म्हणतेस ना? तिने त्यांचा सा विचारला असणार.

स्केलचेंजरनेही हे काम होईल, खोटं बोलत नाही. बोटं त्याच जागी ठेवायची आणि पट्टी सरकवायची. पण किती सरकवायची ते ती पेटी सांगणार नाही. त्यासाठी कुसुमबाईंना विचारावं लागेल, आणि विचारायला चौदा हजार लागत नाहीत. तुझ्याकडे दोन महिने आहेत. टिकली विसर आणि पांढरी चारवर बोटं बसव. पहिले पंधरा दिवस रडू येईल, पुढे बसतात. बयाणा परत माग. आणि पेटी मला पाठवू नकोस, म्हणजे तुझ्या मनात काही राहणार नाही.

विभा

---

नागपूर
१८ मार्च १९९७

ताई,
महिना झाला, पत्र नाही. रागावलीस तर रागाव, पण एक ओळ टाक. पेटी दुकानात दिलीस का, तेवढंच सांग.

विभा

---

विजय नगर, जबलपूर
२६ मार्च १९९७

आयु. विभावरी यांस,
मुरलीधरचा जयभीम.

मी कधी पत्र लिहीत नाही, तुला माहीतच आहे. पण तुझं कार्ड टेबलावर पडलेलं पाहिलं आणि वाटलं, विचारून पाहावं. तुम्हा बहिणींत काही झालं आहे का? तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्या दिवशी प्रमोदिनी जेवली नाही. नंतर माझ्या लक्षात आलं, तिच्या डाव्या हातात पाटली नाही. मी विचारलं तर म्हणाली, सैल झाली म्हणून काढून ठेवली आहे. सैल पाटली मी आजवर पाहिली नाही.

शाळेतून आली की पेटी घेऊन बसते आणि लहान पोरीसारखं सारेगम करते. तेही चुकतमाकत. अकरा वर्षं मंडळात वाजवणारी बाई सारेगम चुकते म्हणजे काय? मधेच थांबते आणि पेटीवर हात मारते. परवा मी म्हणालो, "काहून तरास करून घेऊन राहिली वं, जमत नसन तर राहू दे." तर माझ्याकडे अशी पाहिली की मी गुडघा दुखत असताना फाटकापर्यंत चालत गेलो.

डॉक्टरला दाखवावं का? बोटांची काही तक्रार असेल तर फॅक्टरीच्या दवाखान्यात सोय आहे. तुला काही ठाऊक असेल तर कळव. तिला सांगू नकोस मी लिहिलं ते.

मुरलीधर

---

नागपूर
२ एप्रिल १९९७

भाऊजी,
जयभीम.

डॉक्टरकडे नेऊ नका. बोटं ठीक आहेत. जमत नसेल तर राहू दे, एवढं सोडून तिला काहीही म्हणा.

विभा

---

विजय नगर, जबलपूर
२८ एप्रिल १९९७

प्रिय विभा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राचं उत्तर आज देते आहे. ते पत्र मी तीन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. चौथ्या दिवशी तू चुकली आहेस हे सिद्ध करायला कुसुमबाईंच्या घरी गेले.

त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी बसले आणि विचारलं, कुसुमबाई, तुमचा सा कुठे आहे? त्यांना आधी कळलंच नाही. मग मी म्हणाले, तुम्हाला सोपं जाईल तिथून एक ओळ गा. त्या गायल्या. पांढरी चार. तू लिहिलंस तेच. त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "अकरा साल कोनं इचारलं नाही बाई. मले वाटे, माहाच गळा खराब हाय."

विभा, मला हेमलताचा राग आला होता तेवढा तेव्हा माझा आला. तरी हेमलताचा कमी झाला नाही, हेही खरंच लिहिते. ही गोष्ट तिला पहिल्या दिवशी सुचली आणि मला अकरा वर्षांत सुचली नाही, म्हणून उलट वाढला.

बयाणा परत घेतला. भैयालालजींनी कुरकुर केली, पण दिला. पाटली मात्र गेली ती गेली. तुझ्या भाऊजींची संमती होती असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्यांना आता सांगितलं. ते म्हणाले, सैल झाली होती ना? आणि हसले.

मग बसले पांढरी चारवर. पंधरा दिवस रडू येईल म्हणालीस. मला एकवीस लागले. बोट जायचं जुन्या जागी, आणि त्या टिकलीवरच नजर जायची. शेवटी एके दिवशी नखाने ती काढली.

जयंतीला काय झालं ते ऐक. स्टेजवर हेमलताच बसली. सात गाणी तिने वाजवली. चांगली वाजवली, लिहिताना हात जड होतो आहे. आठवं कुसुमबाईंचं होतं. त्या उठल्या, माईकपर्यंत गेल्या आणि पार्वताबाईंना म्हणाल्या, "हे गानं म्या प्रमोदिनीबाईच्या पेटीवर म्हनतो." पार्वताबाई गोंधळल्या. मी खालून बाबांची पेटी घेऊन वर चढले. भाता उसासे टाकत होता, मधल्या ओळीत एक सूर उठलाच नाही, आणि माझं एक बोट चुकलं. पण कुसुमबाई गायल्या, विभा. वरच्या सुरालाही त्यांचा गळा ताणला नाही. टाळ्या त्यांना पडल्या. मला एकही नको होती.

खाली उतरल्यावर हेमलता माझ्यामागे आली. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलून मिरवेल. ती हळूच म्हणाली, "दीदी, बटन के बिना आपने पट्टी कैसे बदली? मला तर एकच येते. मला शिकवाल का?" मी लगेच हो म्हणाले नाही. दोन दिवस तिला ताटकळत ठेवलं. एवढं मी करणारच होते. शुक्रवारपासून ती माझ्याकडे येते आहे. ती आली की अजूनही पोटात थोडं दुखतं, पण चहा मी करते आणि बिस्किटं तिला आणायला लावते.

आता पेटीचं. रविवारी तुझे भाऊजी रेल्वेने येत आहेत, पेटी त्यांच्याबरोबर आहे. चामडं बदल, सूर जुळव. घाई करू नकोस. सहा महिने तुझ्याकडे ठेव, सहा महिने माझ्याकडे. तोवर हेमलताचा कीबोर्ड आहे. आता ती पंख्याची पिन उपटायच्या आधी मला विचारते.

काळी पाचवर हात लागेल तेव्हा बघ, टिकलीच्या जागी पट्टी जास्त काळी आहे. बाकीची माझ्या बोटांनी झिजली. आणि त्या टिकलीबद्दल तुला एक सांगायचं आहे. तू कंदील धरून बसायचीस आणि टिकली मागायचीस, ते मला आठवतं. तू आत गेलीस की मीही बाबांना विचारायचे, तिला का नाही लावून देत म्हणून. मला ऐकायचं असायचं की तुझ्यात तेवढं नाही. बाबा कानस न थांबवता म्हणाले होते, "विभाले टिकली कायले? तिचा सा तिच्या कानात हाय. तुले दाखवा लागते म्हनून तुले लावली."

हे तुला मी तीस वर्षं सांगितलं नाही. पेटीसुद्धा बाबा तुझ्यासाठीच ठेवणार होते. लग्नाच्या आदल्या दिवशी मी रडून मागून घेतली.

तुझ्या भाऊजींना प्रवासात पाय दुमडून बसवत नाही, त्यांना घ्यायला मोतीरामजींबरोबर तूही स्टेशनवर जा. पेटी जड आहे, पण दोघांच्याही हातात देऊ नकोस. तू स्वतः उचल.

तुझी ताई